लिनेदसाठी गणपूर्ती

कूमहेलिगच्या ग्रामपरिषदेची सभा गावसभागृहाच्या लहान खोलीत भरते. मोठी खोली मंगळवारी बॅडमिंटनवाल्यांकडे असते. आम्ही ठराव करत असताना पलीकडून भिंतीवर फूल आपटल्याचे आवाज येतात, आणि क्वचित टाळ्याही. लहान खोलीला स्वयंपाकघराच्या बाजूने एक खिडकी आहे, चहाचे कप सरकवण्यापुरती. तिचं लाकडी दार रंगाचे थर चढून फुगलं आहे. कितीही ओढलं तरी चार बोटं उघडंच राहतं.

मी या परिषदेची चिटणीस आहे. मला मत नाही. विषयपत्रिका काढायची, इतिवृत्त लिहायचं आणि नियम काय आहे असं कुणी विचारलं तर तो सांगायचा, एवढं माझं काम.

एप्रिलच्या सभेला सातपैकी सहा सभासद हजर होते. उपाध्यक्ष युरोव यांनी दिलगिरी कळवली होती. त्यांच्या मेंढ्या व्यायला आल्या होत्या. युरोवच्या मेंढ्या बाकी गावाच्या मेंढ्यांपेक्षा वर्षातले बरेच जास्त महिने वितात, पण दिलगिरी मंजूर करताना आम्ही त्याची चर्चा करत नाही.

श्रोत्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर एरवी कुणी नसतं. त्या दिवशी मधल्या खुर्चीवर इथेल बसले होते. ऐंशीला टेकलेले, चॅपेलला जायचा काळा कोट घातलेले, टोपी गुडघ्यावर. त्यांची बहीण लिनेद शनिवारी वारली होती. तिला गावच्या दफनभूमीत, आईच्या शेजारी पुरायचं होतं, आणि त्यासाठी आमची परवानगी हवी होती.

दफनभूमी परिषदेच्या मालकीची आहे. मृत्यूच्या वेळी जो गावच्या हद्दीत राहत असेल त्यालाच तिथे जागा मिळते, असा नियम आहे. लिनेद जन्मभर गावात राहिल्या, पण शेवटची काही वर्षं त्या सीमेपलीकडे इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात होत्या, कारण आमच्या बाजूचा बंद पडला. आईच्या शेजारची जागा रिकामी होती, पण राखून ठेवलेली नव्हती. त्या काळी कुणी जागा राखून ठेवत नसे. कोण कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. नियमाला अपवाद करायचा तर परिषदेचा ठराव लागतो. दफन शुक्रवारी होतं आणि पुढची सभा मे महिन्यात.

“विषय दोन,” अध्यक्ष मायनिर म्हणाली. “हितसंबंध जाहीर करणे.”

एक गोष्ट इथे सांगायला हवी. फेब्रुवारीत जिल्ह्याहून एक बाई आम्हाला आचारसंहितेचं प्रशिक्षण द्यायला आल्या होत्या. ज्या विषयात आपला किंवा आपल्या जवळच्या माणसाचा संबंध आहे, तो विषय आला की खोलीबाहेर जायचं, हे त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. शेजारच्या गावात एका सभासदाने मेव्हण्याच्या गोठ्याच्या छपरावर मत दिलं होतं; त्याचं निलंबन झालं आणि फोटो पेपरात आला. फोटोत तो त्याच गोठ्यापुढे उभा होता. तेव्हापासून आमच्याकडे फार काळजी घेतात. मार्चमध्ये कुत्र्यांच्या घाणीचा विषय निघाला तेव्हा बेती बाहेर जाऊन थांबली होती, कारण तिच्याकडे कुत्रा आहे.

“विषय सातमध्ये माझा आहे,” मायनिर म्हणाली. “लिनेदमावशी माझ्या आईची मावसबहीण. शिवाय त्यांनी मला पियानो शिकवला.”

“पियानो लिहू?” मी विचारलं.

“शिकवला, पण आला नाही, असं लिही,” आरवोन म्हणाला. आरवोनचं मटणाचं दुकान आहे आणि तो कायम असा बोलतो. “माझाही आहे. बायकोची आत्या.”

“सख्खी?”

“सख्खी. चुलत असती तरी सांगितलं असतं. मला त्या गोठ्यावाल्यासारखं पेपरात यायचं नाही.”

“मी मैत्रीण,” बेती म्हणाली. “शाळेत एका बाकावर बसायचो. तिच्या घराची किल्ली अजून माझ्या चहाच्या डब्यात आहे.”

“माझा काही नाही,” ग्वावर म्हणाली. ती जनावरांच्या डॉक्टरकडे काम करते आणि लग्न होऊन इथे आली आहे. “मी अँगलसी बेटावरची. इथे कुणाशी नातं नाही.”

“बिचारी,” बेती म्हणाली.

रोलंड अ‍ॅस्क्यू मूळचे लेस्टरचे. निवृत्त झाल्यावर इथे घर घेतलं आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन आमची भाषा शिकले. ती ते पुस्तकात होती तशीच बोलतात. गावात तशी कुणीच बोलत नाही, पण चूक काढण्यासारखंही त्यात काही नसतं. ते उभे राहिले.

“सदर विषयामध्ये माझा कोणत्याही प्रकारचा हितसंबंध नाही,” ते म्हणाले. “मी दिवंगत भगिनींना ओळखत नव्हतो, याचा मला खेद वाटतो.”

राहिले हेविन ब्रीस. सत्तरी ओलांडलेले, परिषदेवर सगळ्यांत जुने. ते खुर्चीत मागे रेलून बसले होते.

“हेविन?” मायनिर म्हणाली.

“माझा कसला संबंध? वीस वर्षं त्या बाईशी बोललो नाही मी.”

आरवोन हसला. बेती हसली नाही. रोलंडनी प्रशिक्षणाची पुस्तिका उघडली. ती ते प्रत्येक सभेला आणतात.

“मला एक शंका विचारावयाची आहे,” ते म्हणाले. “पृष्ठ अकरावर असे म्हटले आहे की, निकटचा संबंध म्हणजे केवळ स्नेह नव्हे. ज्या व्यक्तीशी आपला वाद आहे, तीसुद्धा निकटचीच समजावी.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरोबर आहे,” मी म्हणाले. “मित्राला जसं बाहेर जावं लागतं, तसं शत्रूलाही.”

“शाबास,” हेविन म्हणाले. “मग मीही बाहेर.” त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

मी हितसंबंधांच्या रकान्यात मायनिर, आरवोन, बेती आणि हेविन अशी नावं लिहिली. मग राहिलेल्यांची बेरीज केली, आणि पुन्हा एकदा केली.

“अध्यक्षबाई, विषय सातला दोनच सभासद उरतात,” मी म्हणाले. “कोरम तीनचा आहे.”

“युरोवला फोन लाव,” आरवोन म्हणाला. “म्हणावं मेंढीला सांग थांबायला.”

“युरोवची आई कोण?” बेतीने विचारलं. “इथेलच्या बायकोची बहीण. तो येईल आणि आपल्याबरोबर बाहेर उभा राहील.”

“जिल्ह्याकडून सूट मिळते ना?” मायनिरने विचारलं.

“मिळते,” मी म्हणाले. “त्यांची समिती जूनमध्ये बसते.”

पलीकडे भिंतीवर फूल आपटलं. इथेलनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. श्रोत्यांना मध्येच बोलता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. एके काळी तेही परिषदेवर होते.

“विषय येईल तेव्हा बघू,” मायनिर म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. “विषय तीन. मागच्या सभेचं इतिवृत्त.”

मागच्या इतिवृत्तात एक दुरुस्ती निघाली. पुलाजवळच्या बाकाबद्दल आरवोन ‘तो मूर्खासारखा बसवला आहे’ असं म्हणाला होता. मी ‘बाकाच्या दिशेबद्दल नापसंती व्यक्त केली’ असं लिहिलं होतं. आरवोनला त्याचे शब्द हवे होते. मतदान झालं. नापसंती राहिली.

त्यातूनच बाकाचा विषय निघाला. बाक नदीकडे तोंड करून बसवायचा होता. ठेकेदाराने तो कुंपणाकडे तोंड करून बसवला.

“कुंपण चांगलं आहे,” हेविन म्हणाले. “नदी काय, सगळ्यांनी पाहिली आहे.”

“बाक फिरवायला ठेकेदार कधी येणार?” मायनिरने विचारलं.

“कोरडं पडल्यावर, असं म्हणाला,” मी सांगितलं.

“म्हणजे येणार नाही,” बेती म्हणाली.

त्यानंतर जुन्या टेलिफोन बूथमध्ये ठेवलेल्या, बंद पडलेल्या हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राचा विषय झाला; त्याची बॅटरी तपासल्याचं ग्वावरने सांगितलं. मग गवत. ठेकेदाराने ते फार लवकर कापलं, डॅफोडिल फुललेली असतानाच, अशी एक तक्रार होती, आणि फार उशिरा कापलं, अशीही एक होती. दोन्ही एकाच घरातून आल्या होत्या, नवऱ्याकडून आणि बायकोकडून. दोन्हींची नोंद घेण्यात आली. या सगळ्यात नेहमीपेक्षा कमी वेळ गेला. कुणी फार बोलत नव्हतं.

“विषय सहा. नागरिकांसाठी वेळ,” मायनिर म्हणाली. “नागरिक?”

इथेल उभे राहिले. “नागरिक म्हणजे मीच ना?” त्यांनी आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. “मला फार काही बोलायचं नाही. लिनेद इथून गेली ती काही हौसेने गेली नाही. हिंडताफिरता येईना आणि इथला वृद्धाश्रम बंद झालेला. तिकडे तिच्याशी आपल्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं. शेवटी शेवटी ती इंग्रजी विसरली, तर तिथल्या नर्सना वाटायला लागलं, हिचं डोकं गेलं. मी जायचो तेव्हा त्या मला म्हणायच्या, आज काहीतरी बडबडते आहे. ती हवेबद्दल बोलत असायची. डोकं पार शाबूत होतं.”

ते थांबले. मायनिरने त्यांना वेळेची आठवण करून दिली नाही.

“शुक्रवारी तिला घेऊन येणार आहेत. खड्डा कुठे खणायचा ते उद्या सकाळी सांगायचं आहे. आईच्या शेजारी, नाहीतर तालुक्याच्या गावी, नव्या दफनभूमीत. तिथे बस फक्त बुधवारी जाते. मी इथे राहतो, म्हणजे मला इथे जागा मिळणारच. मग आई इथे, मी इथे, आणि ती त्या सुपरमार्केटच्या मागे. एवढंच.”

ते बसले. हेविन छताकडे पाहत होते. छताला ओलीचा एक डाग आहे. त्याचा विषय दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येतो.

“विषय सात,” मायनिर म्हणाली, आणि उठली नाही. कुणीच उठलं नाही.

“मी सरळ विचारते,” ग्वावर म्हणाली. “भांडण कशावरून होतं?”

गावात आलेल्या माणसाला हे न विचारताच आठवड्याभरात कळतं, पण ग्वावरला कुत्र्यामेंढ्यांतून वेळ मिळाला नसावा. बेतीने सांगितलं. हेविनच्या वडिलांच्या अंत्यविधीला लिनेद ऑर्गन वाजवत होत्या. एक स्तोत्र असं आहे की ते दोन चालींवर म्हणता येतं. हेविननी आधी जाऊन वरच्या खोऱ्यातली चाल सांगितली होती. लिनेदनी ऐनवेळी दुसरी वाजवली. चॅपेल भरलेलं होतं. लोकांनी एक क्षण वाट पाहिली आणि दुसऱ्या चालीवर म्हणायला सुरुवात केली, कारण ऑर्गनपुढे कुणाचं काही चालत नाही. एकटे हेविन पहिल्या चालीवर म्हणत राहिले, चारही कडवी. पुढच्या रविवारपासून ते रस्त्यापलीकडच्या चॅपेलला जायला लागले. ते वेगळ्या पंथाचं आहे. तिथे गाणं फार वाईट होतं, असं ते स्वतःच सांगतात.

“चालीवरून?” ग्वावर म्हणाली.

“माझ्या वडिलांच्या चालीवरून,” हेविन म्हणाले.

“अध्यक्षबाई,” मी म्हणाले, “हितसंबंध सभासदाने स्वतः जाहीर करायचा असतो. गावाला काय माहीत आहे ते मी लिहीत नाही. हेविन म्हणाले वाद आहे, म्हणून मी वाद लिहिला. ते म्हणाले वाद नाही, तर मी वाद नाही असं लिहीन.”

“म्हणजे मी खोटं बोलू?” हेविन म्हणाले.

“तसं मी म्हटलं नाही.”

“त्या भगिनी आता हयात नाहीत,” रोलंड म्हणाले. “मृत व्यक्तीशी वाद चालू राहू शकतो काय? पुस्तिकेत तसा उल्लेख आढळत नाही.”

“तुम्ही आमच्या चॅपेलला आलेला नाहीत अजून,” आरवोन म्हणाला.

“शिवाय अर्ज लिनेदचा नाही,” मी म्हणाले. “अर्जदार इथेल आहेत. प्रश्न असा आहे की इथेलशी वाद आहे का.”

हेविननी छतावरची नजर खाली आणली. “इथेलशी माझं काही भांडण नाही,” ते म्हणाले. “मी फक्त त्याच्याशी बोलत नाही.”

मी रकान्यावर पेन धरून थांबले.

“बोलत नाही म्हणजे वादच झाला की,” ग्वावर म्हणाली.

“वाद करायला बोलावं लागतं,” हेविन म्हणाले.

“हेविन ब्रीस,” बेती म्हणाली, “ती इथे होती तोवर तू तिला पाहून रस्ता ओलांडत होतास. माहीत आहे ती काय म्हणायची? म्हणायची, त्याला तिकडच्या बाजूला ऊन मिळतं.”

इथेल खुर्चीत हलले. “चालीबद्दलही म्हणायची,” ते कुणाकडेच न पाहता म्हणाले. बोलायची त्यांची वेळ संपली होती, पण मायनिरने त्यांना थांबवलं नाही. “म्हणायची, याच्या म्हाताऱ्याला ती वरच्या खोऱ्यातली चाल आवडायची नाही. म्हणे त्याने स्वतः सांगितलं होतं तिला, आजारात.”

“साफ खोटं,” हेविन म्हणाले. ते छताला उद्देशून बोलले.

“असेल,” इथेल म्हणाले. “आता दोघंही नाहीत. विचारणार कुणाला?”

पलीकडे कुणीतरी गुण मिळवला. टाळ्या वाजल्या. हेविननी समोरचा पेला उचलला, त्यात पाणी नव्हतं, तो खाली ठेवला. मग ते खुर्चीसकट वळले. ती खुर्ची जड आहे आणि फरशीवर आवाज करते.

“इथेल,” ते म्हणाले.

“हं.”

“मेंढ्या कशा आहेत?”

“विकल्या. बरीच वर्षं झाली.”

“सगळ्या?”

“सगळ्या. गुडघे गेले माझे.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू कुणाला विचारलंस?”

हेविननी खुर्ची पुन्हा आवाज करत जागेवर आणली. “एलेरी,” ते मला म्हणाले, “लिही. वाद नाही.”

मी त्यांच्या नावावर रेघ मारली आणि शेजारी सही घेतली. नियमाने ती लागते. बेती पर्स चाचपत होती. मायनिरने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी उठल्या. त्यांच्यामागून आरवोन. तिघंही स्वयंपाकघरात गेले, कारण बाहेर पाऊस होता आणि स्वयंपाकघर ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी खोली आहे. आरवोनने खिडकीचं दार आतून ओढलं. ते नेहमीइतकंच बंद झालं.

अध्यक्ष बाहेर आणि उपाध्यक्ष गोठ्यात, त्यामुळे त्या विषयापुरता अध्यक्ष निवडायचा होता. ग्वावरने रोलंडचं नाव सुचवलं. हेविननी अनुमोदन दिलं. दुसरं नाव त्यांचंच उरलं असतं.

रोलंड मायनिरच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी जाकिटाची बटणं लावली. “हा माझा बहुमान आहे,” ते म्हणाले. “विषय सात. श्री. इथेल यांचा अर्ज. कोणी प्रस्ताव मांडू इच्छिते काय?”

“मी,” ग्वावर म्हणाली. “लिनेदना आईच्या शेजारी जागा द्यावी. नियमाला अपवाद म्हणून.”

“मी अनुमोदन देतो,” रोलंड म्हणाले. “चर्चा?”

“मला बोलायचं आहे,” हेविन म्हणाले.

स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला.

“हा नियम कुणी केला?” हेविन म्हणाले. “हद्दीत राहणाऱ्यालाच जागा, हा? एलेरीला माहीत आहे.”

मला माहीत होतं. नियम लिनेदनी केला होता, त्या परिषदेवर होत्या तेव्हा. त्या काळी सुट्टीला येणारे लोक डोंगर बघायचे, दफनभूमी बघायचे आणि आम्हाला पत्रं लिहायचे की जागा फार शांत आहे, आम्हालाही इथे पुरा. एक जण तर थडग्याचा नकाशाच घेऊन आला होता. लिनेदनी प्रस्ताव मांडला आणि तो एक विरुद्ध बाकी सगळे असा मंजूर झाला. हे मी सांगितलं.

“आणि तो एक कोण?” हेविननी विचारलं.

“तुम्ही.”

“मी. मी तेव्हाच म्हणालो होतो, उद्या आपलंच माणूस हद्दीबाहेर मेलं तर काय कराल? म्हणाली, हेविन, आपली माणसं हद्दीबाहेर मरत नाहीत. हे तिचे शब्द आहेत.”

इथेल मान खाली घालून बसले होते. त्यांनी मान हलवली. शब्द तेच होते.

“म्हणजे नियम चुकीचा आहे असं तुम्हाला तेव्हाही वाटत होतं,” ग्वावर म्हणाली. “मग आज बाजूने मत द्या.”

“तेव्हा तो प्रस्ताव होता. आता नियम आहे.”

“हेविन!” खिडकीच्या फटीतून बेतीचा आवाज आला. “गाढवा, हात वर कर!”

“ज्या सभासदांनी सभात्याग केलेला आहे,” रोलंड खिडकीकडे वळून म्हणाले, “त्यांनी कृपया चर्चेत सहभागी होऊ नये.”

“मी कपांशी बोलते आहे,” बेती म्हणाली.

“मतदान घेऊ या,” रोलंड म्हणाले. “प्रस्तावाच्या बाजूने?”

ग्वावरचा हात वर गेला. रोलंडनी आपला वर केला, कोपरातून सरळ.

“विरोधात?”

हेविननी हात वर केला. तो त्यांनी बराच वेळ वर धरला, माझं लिहून झालं आहे हे दिसेपर्यंत.

“दोन विरुद्ध एक,” मी म्हणाले. “प्रस्ताव मंजूर.”

इथेलना लगेच कळलं नसावं. ते हेविनच्या हाताकडेच पाहत होते. “म्हणजे नाही?” त्यांनी विचारलं.

रोलंड उठले आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. “आपला अर्ज संमत झालेला आहे,” ते म्हणाले. “आपण आपल्या भगिनींना मातोश्रींच्या शेजारी विसावा देऊ शकता. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.”

आमच्यापैकी कुणीच असं बोललं नसतं. आम्ही ‘बरं झालं’ म्हणालो असतो, किंवा पावसाबद्दल काहीतरी. इथेलनी त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला नाही, म्हणून रोलंडना थोडं वाकून उभं राहावं लागलं.

स्वयंपाकघरातून तिघं परत आले. निर्णय काय झाला हे मायनिरने रीतसर विचारलं आणि मी रीतसर सांगितला. बेतीचे डोळे पुसलेले दिसत होते. आरवोनने चहाचा ट्रे आणला होता; सभेत चहा शेवटच्या विषयानंतर असतो, पण कुणी हरकत घेतली नाही.

“विषय आठ,” मायनिर म्हणाली. “बांधकामाचे अर्ज. पोस्टाशेजारी काचेची खोली.” तिने चष्मा शोधायला सुरुवात केली.

इथेल टोपी घेऊन उठले. दाराकडे जाताना वाटेत हेविनची खुर्ची आहे. तिथे ते थांबले.

“विरोधात दिलंस,” ते म्हणाले.

“दिलं.”

“आभारी आहे.”

“कशाबद्दल? विरोधात दिलं म्हटलं ना मी.”

“तिसरा म्हणून बसलास ना,” इथेल म्हणाले.

मायनिरला चष्मा सापडला होता, पण ती तो अजून पर्समध्ये शोधत होती.

“पेटी खांद्यावर घ्यायला सहा जण लागतात,” इथेल म्हणाले. “फाटकापासून वर चढ आहे, तुला माहीत आहे. पाच झालेत.”

“आरवोन?”

“आरवोनला धरून पाच.”

“माझा डावा खांदा गेलाय.”

“मग उजवा दे.”

हेविननी विषयपत्रिका उलटली. मागच्या बाजूला काही छापलेलं नव्हतं. त्या कोऱ्या पानाकडे पाहत त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

“किती वाजता?” त्यांनी विचारलं.